स्वस्ताईचा हिशेब : १९६५ ते १९७० मधली इचलकरंजी

पंचाहत्तरी ओलांडलेल्या माणसांशी त्यांच्या तरुणपणाविषयी बोलायला बसले, की संभाषण फार वेळ न घेता एका शब्दापाशी येते. तो शब्द म्हणजे 'स्वस्ताई'. पोस्टकार्ड किती पैशांना मिळे, सोने काय भावाने होते, सिनेमाचे तिकीट काढून वर भेळ खाऊनही खिशात पैसे कसे उरत, याची यादी सुरू होते आणि ऐकणारा नकळत आपल्या काळाची लाज बाळगू लागतो. आमच्या पिढीने १९६५ ते १९७० हा काळ पाहिलेला नाही. तो घरोघरी ऐकलेला आहे. ऐकीव काळाविषयी लिहिताना एक सावधगिरी बाळगावी लागते. सांगणारा खोटे बोलत नसतो. परंतु माणसाच्या स्मरणात वस्तूचा भाव जितका पक्का राहतो तितका स्वतःचा पगार राहत नाही. भाव बाजारात सर्वांदेखत बोलला जातो, मजुरी मात्र मुठीत मिळते आणि घरी पोहोचेपर्यंत संपत आलेली असते. त्यामुळे स्वस्ताईची आठवण बहुधा हिशेबाच्या एकाच बाजूची असते. दुसरी बाजू मांडून पाहावी, आणि ती इचलकरंजीसारख्या कष्टकरी गावाच्या संदर्भात पाहावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

इचलकरंजीच का, याचे कारण या गावाच्या घडणीत आहे. पंचगंगेकाठचे हे गाव घोरपडे घराण्याच्या जहागिरीचे. संस्थानी काळात येथे विद्येला आणि कलेला आश्रय होता. विष्णु दिगंबर पलुसकरांचे गुरू बाळकृष्णबुवा यांच्या नावापुढे 'इचलकरंजीकर' लागते ते त्यामुळेच. परंतु गावाचे नशीब बदलले ते गाण्याने नव्हे, मागाने. नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांच्या कारकिर्दीत, १९०४ मध्ये, विठ्ठलराव दातार यांनी येथे पहिला यंत्रमाग सुरू केला. पुढे एकाचे दहा, दहाचे शंभर असे माग वाढत गेले. १९४९ मध्ये कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, जहागिरीचा काळ संपला आणि गाव पूर्णपणे मागवाल्यांचे झाले. १९६१ च्या जनगणनेत इचलकरंजीची लोकसंख्या पन्नास हजारांच्या आसपास होती. १९७१ मध्ये ती पाऊण लाखाच्या पुढे गेली. दहा वर्षांत एवढी भर केवळ घरच्या पाळण्यांनी पडत नाही. ही माणसे आजूबाजूच्या कोरडवाहू गावांतून, सीमेपलीकडच्या कन्नड मुलखातून, पोट भरण्यासाठी आली होती. ज्या दशकाला आपण स्वस्ताईचे म्हणतो, त्या दशकात एवढ्या माणसांना गाव सोडावे लागले, ही गोष्ट आरंभीच ध्यानात घेतली पाहिजे.

त्यांचा दिवस कसा होता? यंत्रमागाच्या धंद्यात पाळी बारा तासांची असे. एक दिवसाची, एक रात्रीची. मजुरी महिन्याच्या पगाराने नव्हे, तर विणलेल्या कापडावर. म्हणजे सूत तुटले, बीम संपले, वीज गेली, की मजुरीही थांबली. कापड विणणारा कामगार हा या साखळीतला एक दुवा. त्याच्या आधी सुताला खळ देणारे सायझिंगचे कामगार, ताणा लावणारे, बीमची सांधणी करणारे. त्याच्या शेजारी धोट्यात बसणाऱ्या कांड्या भरणाऱ्या बायका. आणि शेवटी कापडाच्या घड्या घालणारे. मालक म्हणावा तोही बहुतेक वेळा मोठा नसे. व्यापाऱ्याकडून सूत घ्यायचे, कापड विणून द्यायचे आणि मजुरी घ्यायची, असा 'खर्चीवाला' मागधारक ही इथली खास जात. घराच्या पुढच्या सोप्यात माग, मागच्या खोलीत संसार, अशी कित्येक घरे होती. मागाचा खडखडाट चालू असेल तर घरात झोप लागायची आणि तो थांबला की जाग यायची, असे इथले लोक सांगतात. या सांगण्यात थोडी अतिशयोक्ती असेल, पण त्यातली भीती खरी आहे. माग थांबणे म्हणजे चूल मंदावणे.

आता भावांकडे वळू. १९६५ ते १९६८ ही वर्षे भारताच्या अन्नइतिहासातली सर्वांत कठीण वर्षे होती. १९६५ चे पाकिस्तानशी युद्ध आणि त्याच वर्षीचा दुष्काळ यांनी देशाला एकदम गाठले. १९६४-६५ मध्ये देशात सुमारे ८९ दशलक्ष टन धान्य पिकले होते. पुढच्याच वर्षी ते ७२ दशलक्ष टनांवर आले. लालबहादूर शास्त्रींनी देशवासीयांना सोमवारी रात्रीचे जेवण सोडण्याचे आवाहन केले ते याच काळात. पुष्कळ घरांत ते श्रद्धेने पाळले गेले. ज्या घरांत आठवड्यातून दोन रात्री तशाच जात, त्यांना या आवाहनाचा अर्थ वेगळा लागला असेल. १९६६ चा पाऊसही देशाच्या मोठ्या भागात दगा देऊन गेला. अमेरिकेच्या पी. एल. ४८० करारातून येणारा गहू आणि 'मिलो' नावाची तांबडी ज्वारी रेशनच्या दुकानांत आली. पांढऱ्याशुभ्र शाळूच्या भाकरीवर वाढलेल्या आपल्या मुलखाने त्या मिलोची भाकरी खाल्ली ती नाक मुरडतच. त्याच सुमारास 'हायब्रीड' हा इंग्रजी शब्द मराठी खेड्यांत घरचा झाला. संकरित ज्वारीचे सी.एस.एच.-१ हे वाण १९६४ मध्ये आले होते. पीक भरघोस, पण भाकरीला चव नाही, ही तक्रार त्या पिढीच्या तोंडी कायमची राहिली आणि पुढे तर पिळदार नसलेल्या पोरालाही 'हायब्रीड' म्हणण्याची रीत पडली.

धान्याच्या टंचाईला रुपयाच्या अवमूल्यनाची जोड मिळाली. ६ जून १९६६ रोजी एका डॉलरचा भाव ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसात रुपयांवर गेला. इचलकरंजीच्या मागवाल्याला डॉलरशी काय देणेघेणे, असे वाटेल. पण देशातली महागाई त्याच्या सुतापर्यंत आणि तेलापर्यंत पोहोचायला वेळ लागला नाही. १९६६-६७ आणि १९६७-६८ अशी सलग दोन वर्षे घाऊक किमती दरवर्षी दहा टक्क्यांहून अधिक वाढल्या. ऊस पिकवणाऱ्या आणि जवळच रत्नाप्पा कुंभारांचा पंचगंगा सहकारी साखर कारखाना असलेल्या या भागातही साखर सहज मिळत नव्हती. १९६७-६८ पासून सरकारने साखरेवरचे नियंत्रण अंशतः उठवले. साठ टक्के साखर सरकारला ठरलेल्या दराने आणि उरलेली चाळीस टक्के खुल्या बाजारात, अशी ती व्यवस्था. तेव्हापासून 'रेशनची साखर' आणि 'बाजारची साखर' असे एकाच वस्तूचे दोन भाव घरोघरी बोलले जाऊ लागले. पाहुण्याच्या चहात कोणती साखर पडली, यावरून त्याचा मान कळे.

पोस्टकार्डाची गोष्ट तर स्वस्ताईच्या प्रत्येक आठवणीत असते. ते सहा पैशांचे पोस्टकार्ड १९६८ मध्ये दहा पैशांचे झाले. आज दहा पैसे हा आकडा ऐकून हसू येते. परंतु एका रात्रीत झालेली ही वाढ सहासष्ट टक्क्यांची होती. गावाकडे आईवडिलांना महिन्यातून दोन कार्डे टाकणाऱ्या कामगाराला ती हसण्यासारखी वाटली नसणार.

मजुरीची बाजू मांडण्यासाठी एका ग्रंथाची मदत घेता येते. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातील दारिद्र्याविषयीचा आपला प्रसिद्ध अभ्यास मांडला. जगण्यासाठी किमान आवश्यक आहार मिळायचा तर शहरातील माणसाला १९६०-६१ च्या किमतींनी महिना साडेबावीस रुपये, आणि खेड्यातील माणसाला पंधरा रुपये खर्च करता आले पाहिजेत, असा त्यांचा हिशेब होता. एवढाही खर्च ज्यांना जमत नव्हता अशी माणसे त्या वर्षी खेड्यांत सुमारे चाळीस टक्के आणि शहरांत निम्म्याच्या आसपास होती. दारिद्र्यरेषा किती कमी असू शकते याचा विचार केला तर हे आकडे वाचताना आजही हात थांबतो. पुढच्या सात-आठ वर्षांत किमती चढतच गेल्या. १९६८ पासून काही वर्षे गव्हाचा सरकारी खरेदीचा दर क्विंटलला ७६ रुपये होता, म्हणजे किलोला ७६ पैसे. पाच माणसांच्या घराला महिन्याला साठ किलो धान्य लागते असे धरले, तर या शेतावरच्या दरानेही पंचेचाळीस रुपये केवळ धान्याचे झाले. त्यात वाहतूक नाही, दुकानदाराचा नफा नाही, डाळ नाही, तेल नाही, रॉकेल नाही, घरभाडे नाही. ७६ पैसे किलो गहू हा ज्याला नियमित पगार होता त्याच्या दृष्टीने स्वस्त होता. कापडाच्या वारावर मजुरी मिळवणाऱ्याला तो रोज नव्याने मिळवावा लागत होता.

सोन्याचेही तसेच. १९७० च्या सुमारास दहा ग्रॅम सोने दोनशे रुपयांच्या आत होते, हे खरे. परंतु ज्या घराच्या वर्षभराच्या बेरजेत दोनशे रुपये शिल्लकच पडत नाहीत, त्या घराला सोने दोनशेला काय आणि लाखाला काय, सारखेच. स्वस्ताईच्या आठवणी सांगणारे बहुतेक जण शिक्षक, कारकून, व्यापारी किंवा बागायतदार यांच्या घरातले असतात, हा योगायोग नव्हे. कांड्या भरणाऱ्या बाईची आठवण कोणी विचारलेली नाही आणि तिने ती लिहूनही ठेवलेली नाही.

कापडाच्या गावात कापड तरी स्वस्त होते का? येथे एक गंमत दिसते. इचलकरंजीच्या मागांवर सुती कापड विणले जाई. रंगीत साड्या हातमागासाठीच राखून ठेवाव्यात, असे अशोक मेहता यांच्या अध्यक्षतेखालील यंत्रमाग चौकशी समितीने १९६४ मध्ये सुचवले होते. त्यामुळे मागावर काय विणायचे हा प्रश्न बाजाराइतकाच दिल्लीच्या फायलींशी जोडलेला होता. सुतासाठी परगावच्या गिरण्यांवर अवलंबून राहावे लागू नये म्हणून दत्ताजीराव कदम यांच्या पुढाकाराने डेक्कन सहकारी सूतगिरणी उभी राहिली, ही या गावाच्या शहाणपणाची खूण. आणि नेमक्या याच काळात, गाव सुती कापडाचे ढीग विणत असताना, तरुणांच्या मनात टेरिलीनचा शर्ट भरला होता. न चुरगळणारा, धुऊन झटकला की वाळणारा, इस्त्री न लागणारा. लग्नाळू मुलाच्या अंगावर टेरिलीन आणि मुलीच्या अंगावर नायलॉनची साडी म्हणजे घर सुधारलेले. ज्याच्या हाताखालून वर्षभर शेकडो वार कापड जाई, त्याच्या घरी नवे कपडे मात्र दिवाळीला किंवा लग्नाकार्याला येत.

मनोरंजनाकडे आले की मात्र आठवणींचा सूर बदलतो आणि आपल्यालाही त्यांच्याशी वाद घालावासा वाटत नाही. दूरदर्शन मुंबईत आले ते २ ऑक्टोबर १९७२ रोजी. आपल्याकडे ते पोहोचायला आणखी पुष्कळ वर्षे लागली. या काळाचा राजा रेडिओ होता. १९६३ मध्ये सांगलीला आकाशवाणी केंद्र सुरू झाले आणि इचलकरंजीला आपल्या बोलीच्या जवळचा आवाज मिळाला. शेतीचे सल्ले, भजने, लोकगीते, श्रुतिका अगदी शेजारून बोलल्यासारख्या ऐकू येऊ लागल्या. बुधवारी रात्री आठला रेडिओ सिलोनवर अमीन सयानींची 'बिनाका गीतमाला' लागे. आकाशवाणीवरून सिनेसंगीताची हकालपट्टी करणारे मंत्री बाळकृष्ण केसकर मराठी, आणि त्या हकालपट्टीमुळे सिलोनकडे कान लावून बसलेले श्रोतेही मराठी! १९५७ मध्ये विविध भारती आली तेव्हा आकाशवाणीने ही चूक सुधारली. १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई-पुणे-नागपूर येथील विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या आणि साबण, चहा, डोकेदुखीच्या गोळ्या गाणी म्हणत घरात शिरल्या.

परंतु हा रेडिओ घरोघरी नव्हता. रेडिओ विकत घेणे तर सोडाच, तो बाळगण्यासाठी पोस्टात वर्षाला पंधरा रुपये भरून परवाना घ्यावा लागे. दांडेकर-रथ यांच्या हिशेबाशी ताडून पाहिले, तर हे पंधरा रुपये म्हणजे शहरातल्या एका माणसाच्या वीस दिवसांच्या निर्वाहाचा खर्च. त्यामुळे रेडिओ ऐकला जाई तो चहाच्या हॉटेलात, पानाच्या गादीवर, किंवा ज्याच्याकडे आहे त्याच्या कट्ट्यावर. एक सिंगल चहा घेऊन गीतमालेचा तासभर काढणाऱ्याला हॉटेलवाला उठवत नसे. पुढे ट्रान्झिस्टर आले आणि रेडिओ सायकलच्या दांडीला लटकला, तरी तो मोठ्यानेच वाजत असे. आपण ऐकतो ते चार जणांनी ऐकावे, यात गैर काही वाटत नव्हते.

सिनेमाच्या बाबतीत हा भाग भाग्यवान. कोल्हापूर हाकेच्या अंतरावर, आणि तिथे भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ. भालजींचा 'साधी माणसं' १९६५ मध्ये आला, 'तांबडी माती' १९६९ मध्ये. दोन्हींचे संगीत 'आनंदघन' या नावाने लता मंगेशकरांनी दिले. 'तांबडी माती'तून दादा कोंडके पडद्यावर आले. तोवर ते वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा' या १९६५ च्या लोकनाट्यामुळे घरोघरी पोहोचलेले होते. कुस्तीचा फड तर इथल्या माणसाच्या रक्तात. पहिले हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे, १९६० चे गणपत आंदळकर, १९६४ चे मारुती माने ही नावे इथे नटांच्या नावांपेक्षा अधिक आदराने घेतली जात. खासबागेत मोठी कुस्ती असली, की माग सोडून कोल्हापूरची एस.टी. धरणारे कमी नव्हते. आचार्य अत्र्यांच्या 'तो मी नव्हेच' या १९६२ च्या नाटकाचे या भागाला विशेष कौतुक, कारण त्यातला लखोबा लोखंडे स्वतःला निपाणीचा तंबाखूचा व्यापारी म्हणवतो. निपाणी इथून जवळच. प्रभाकर पणशीकर रंगमंचावर 'निपाणी' हा शब्द उच्चारीत तेव्हा इकडच्या प्रेक्षकाला जो आनंद होत असेल तो मुंबईकराला होणे शक्य नव्हते.

मनोरंजनाची एक काळी बाजूही होती. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातल्या भावांच्या आकड्यांवर मुंबईत पूर्वी जुगार चाले. १९६१-६२ च्या सुमारास तो बंद पडला आणि त्याच्या जागी मडक्यातून चिठ्ठी काढण्याचा 'मटका' आला. कापसाच्या भावातून जन्मलेला हा खेळ कापडाच्या गावातल्या मजुराच्या खिशावर हात मारू लागला, यात नियतीचा खेळ पाहण्याचे कारण नाही. बारा तास काम करूनही ज्याची शिल्लक पडत नाही, त्याला एका आकड्याची आशा गोड वाटते. १९६९ मध्ये महाराष्ट्र सरकारनेही स्वतःची लॉटरी सुरू केली, तेव्हा या आशेला राजमान्यताच मिळाली.

बातम्यांच्या बाबतीत या पाच वर्षांनी इचलकरंजीला जे हादरे दिले त्यांतला एक शब्दशः हादरा होता. ११ डिसेंबर १९६७, सोमवार, पहाटे चार वाजून एकवीस मिनिटे. रात्रपाळी चालू असण्याचीच ती वेळ. कोयनानगरला केंद्र असलेल्या त्या भूकंपाने पश्चिम महाराष्ट्र जागा केला. कोयनेच्या परिसरात पावणेदोनशेच्या आसपास माणसे मृत्युमुखी पडली. १९६२ पासून वीज देऊ लागलेला कोयना प्रकल्प हा नव्या महाराष्ट्राचा अभिमान होता. वीजनिर्मिती थांबली आणि मुंबई-पुण्याकडच्या कारखान्यांना त्याची झळ बसली. विजेवर पोट असलेल्या गावाला या बातमीचा अर्थ कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. धरण फुटले अशा अफवाही त्या दिवसांत पसरल्या, कारण खरी बातमी सायंकाळपर्यंत किंवा दुसऱ्या दिवसापर्यंत थांबत असे आणि अफवा थांबत नसे.

दुसरी बातमी सीमेची. महाजन आयोग ऑक्टोबर १९६६ मध्ये नेमला गेला आणि ऑगस्ट १९६७ मध्ये त्याचा अहवाल आला. निपाणी, खानापूर महाराष्ट्राला द्यावे, पण बेळगाव म्हैसूर राज्यात राहावे, असे त्यात होते. महाराष्ट्राने तो नाकारला. परिणामी निपाणीही आली नाही आणि बेळगावही. मुंबईत हा राजकारणाचा प्रश्न होता. इचलकरंजीत तो सोयरिकीचा होता. ज्यांची लेक पलीकडे दिली आहे आणि ज्यांचा कामगार पलीकडून येतो, त्यांच्या दृष्टीने ती नकाशावरची रेघ नव्हती.

आणि मग १९६९ चा जून-जुलै. १३ जूनला आचार्य अत्रे गेले. १९ जुलैला, शनिवारी, चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. २१ जुलैला, सोमवारी सकाळी साडेआठच्या सुमारास आपल्या घड्याळाप्रमाणे, माणसाने चंद्रावर पाऊल ठेवले. चंद्राची बातमी छापील स्वरूपात हाती यायला मंगळवार उजाडला. त्याआधी ती रेडिओने सांगितली होती. कीर्तनकारांची आणि पंचांगाची त्या आठवड्यात चांगलीच अडचण झाली असणार. पण इचलकरंजीसाठी मोठी बातमी कोणती, असे विचारले तर बँकांची म्हणावी लागेल. चार माग टाकू पाहणाऱ्याला तोवर सावकार किंवा व्यापारी यांच्यापुढे हात पसरावा लागे. सहकारी संस्था होत्या, पण गरज मोठी होती. राष्ट्रीयीकरणानंतर लहान उद्योगांना कर्ज देणे हे बँकांचे कर्तव्य मानले जाऊ लागले. त्याचा लाभ प्रत्यक्षात किती जणांना झाला हा वेगळा विषय. तरी बँकेच्या पायऱ्या आपणही चढू शकतो, ही जाणीव नवी होती.

वर्तमानपत्रही रेडिओसारखेच वाटून घेतले जाई. कोल्हापूरचा 'पुढारी', पुण्याचा 'केसरी' आणि 'सकाळ' हॉटेलात आणि वाचनालयात येत आणि सकाळी कडक असलेला अंक रात्रीपर्यंत मऊ होई. आपटे वाचन मंदिरासारखी जुनी संस्था गावात होती. आजऱ्याच्या शिवाजी सावंतांचे 'मृत्युंजय' १९६७ मध्ये आले, कोवाडच्या रणजित देसाईंचे 'श्रीमान योगी' १९६८ मध्ये. दोघेही याच जिल्ह्याचे. जवळच्या पट्टणकोडोलीत जन्मलेल्या शंकर पाटलांच्या कथांत तर हाच मुलूख बोलत होता. जाडजूड कादंबरी विकत घेणारे थोडे. वाचनालयात नंबर लावून, मुदत चुकवून, शेजाऱ्याला देऊन ती वाचणारे अनेक.

येथे आमच्या मते या साऱ्या आठवणींचे मर्म सापडते. जुनी माणसे ज्याला स्वस्ताई म्हणतात, ती पुष्कळदा सामाईकपणाची आठवण असते. रेडिओ एकाचा, कान वीस जणांचे. वर्तमानपत्र एक, वाचणारे पन्नास. वस्तू परवडत नव्हती म्हणून ती वाटून घ्यावी लागली, आणि वाटून घेतल्यामुळे ती फुकट मिळाल्यासारखी वाटली. पन्नास वर्षांनंतर अभाव पुसट होतो आणि सोबत तेवढी शिल्लक राहते. सांगणारा म्हणतो, 'तेव्हा सगळे स्वस्त होते'. त्याला म्हणायचे असते, 'तेव्हा आम्ही चार जण एकत्र बसत होतो'.

मात्र या सामाईकपणाचाही गौरव जपूनच करायला हवा. हॉटेलातल्या रेडिओसमोर बाई बसू शकत नव्हती. कट्ट्यावर प्रत्येक जातीच्या माणसाला सारखी जागा नव्हती. दिवसभर कांड्या भरून, रात्री रांधून, पहाटे पुन्हा पाण्याला जाणारीच्या वाट्याला गीतमाला आली असेल तर ती भिंतीपलीकडून. त्या काळी भिंतींवर कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण रंगवला जाऊ लागला होता आणि १९६८ पासून पंधरा पैशांना तीन 'निरोध' मिळू लागले होते. सरकारने एका गोष्टीचा भाव तरी मजुराच्या खिशाकडे पाहून ठरवला होता. पण ते विकत घ्यायचे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार जिला सर्वाधिक हवा होता, तिच्या हाती पैसे आणि शब्द दोन्ही नव्हते.

१९७४ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे पन्नासावे अधिवेशन इचलकरंजीत भरले आणि पु. ल. देशपांडे अध्यक्ष झाले. मागांच्या गावाला हा मान मिळाला याचे बाहेरच्यांना नवल वाटले असेल. ज्यांनी मऊ झालेले अंक आणि नंबर लावून मिळालेल्या कादंबऱ्या वाचल्या होत्या, त्यांना ते नवल वाटले नसणार. आज इचलकरंजी महानगरपालिका झाली आहे. २०२२ पासून ती तशी ओळखली जाते. माग बदलले, धोटे जाऊन नवी यंत्रे आली, आणि प्रत्येकाच्या खिशात स्वतःचा रेडिओ, सिनेमा आणि वर्तमानपत्र आहे.

आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांना आपण अजूनही विचारू शकतो. फक्त प्रश्न थोडा बदलावा. 'काय भाव होता?' याच्याबरोबर 'हातात किती येत होते?' हेही विचारावे, आणि 'कोणाकोणात वाटून घेत होतात?' हेही. आजीला वेगळे बसवून विचारावे, कारण आजोबांसमोर ती बहुधा तेच सांगेल जे आजोबा सांगतात. आणि माळ्यावर जुन्या हिशेबाच्या वह्या, रेशनकार्डे, रेडिओच्या परवान्याची पुस्तके असतील, तर ती रद्दीत घालण्यापूर्वी एकदा उघडून पाहावीत. मजुरीची बाजू कुठे लिहिलेली असेलच, तर ती तिथेच असेल.